मैत्रीतले कॅज्युअल संबंध: मर्यादा कधी, कशा आणि कोणत्या क्रमाने ठरवायच्या

मित्राशी किंवा मैत्रिणीशी शारीरिक संबंध असावेत, नातं मात्र मैत्रीचंच राहावं, असं ठरवणारे बहुतेक जण त्यावर बोलतात. चुकते ती वेळ. कुणी दोन पेगनंतर बोलतं. कुणी पहिली रात्र उलटल्यावर व्हॉट्सॲपवर ‘आपण क्लिअर आहोत ना?’ एवढं टाकतं आणि आलेल्या अंगठ्यावर समाधान मानतं. कुणी थेट पहिल्या भांडणात तोंड उघडतं. या तिन्ही वेळी दोघांपैकी एकाला नाही म्हणणं जड जातं, म्हणून जे ठरतं ते महिनाभरही टिकत नाही.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्यायच्या आहेत. सगळ्यात जास्त गाळली जाते ती पहिली, आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एक अट आधीच: दोघांचीही १८ वर्षं पूर्ण हवीत. लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात त्याखालच्या व्यक्तीची संमती धरली जात नाही. ‘पुढच्या महिन्यात अठरा होतील’ याला तिथे काही अर्थ नाही.

१. आधी कागद, मग माणूस

एकट्याने वीस मिनिटं बसा. कागदावर तीन रकाने करा: ‘चालेल’, ‘आधी विचारून’, ‘नाही’. मग हे एकेक मुद्दे त्यात टाका: इतर कुणाशी संबंध (तुमचे आणि समोरच्याचेही), रात्री मुक्काम, रोजचे मेसेज, एकमेकांच्या घरी जाणं, मित्रमंडळींत कुणाला कळणं, फोटो, आणि शरीराबाबत काय हवं, काय नको.

‘नाही’च्या रकान्यातलं प्रत्येक वाक्य असं लिहा, की त्यातलं काम तुम्ही करणार आहात. ‘त्याने माझ्यावर हक्क गाजवायचा नाही’ ही मर्यादा नव्हे, अपेक्षा आहे, कारण ती पाळणं तुमच्या हातात नाही. ‘मी कुठे आहे याची विचारणा सुरू झाली तर मी उत्तर देणार नाही, आणि तसं तोंडावर सांगेन’ ही मर्यादा. तोडली गेल्यावर तुम्ही काय कराल, हे वाक्यात नसेल तर ते वाक्य वेळेला उपयोगी पडत नाही.

तपासून पाहा: समोरच्याने उद्या सहज सांगितलं, ‘शनिवारी जमणार नाही, डेटवर चाललोय’, तर पोटात काय होतं? थोडं चरचरलं तर पुढे बोलता येईल. दिवसभर जेवण गेलं नसतं असं वाटत असेल, तर तुम्हाला प्रेम हवं आहे. मनात प्रेम ठेवून ‘मला कॅज्युअल चालेल’ म्हणणं ही या प्रकारातली सगळ्यात महागाची चूक, आणि ती करणारे सहसा स्वतःला फार समजूतदार समजत असतात. अशा वेळी प्रेमाचंच विचारा. नकार आला तरी तो एकदाच पचवावा लागतो.

कुणाबरोबर नको, हेही इथेच ठरवा: ज्याच्या हातात तुमचं अप्रेझल आहे किंवा ज्याचं तुमच्या हातात आहे असा सहकारी, एकाच भाडेकरारावरचा फ्लॅटमेट, ज्याच्याकडून पैसे उसने घेतलेत तो, जवळच्या मैत्रिणीचा नुकताच सुटलेला बॉयफ्रेंड. यांच्याबाबत मर्यादा ठरवता येतात, पण त्या मोडल्या तर उठून निघून जाता येत नाही. भाडं, पगार किंवा ग्रुप आडवा येतो.

२. जागा आणि वेळ

दिवसाउजेडी, प्यायलेले नसताना, आणि ज्या खोलीत पलंग आहे ती सोडून. साधारण पाऊण तास मोकळा ठेवा. चालत बोलणं सगळ्यात सोपं, कारण नजरेला नजर भिडवावी लागत नाही. पुण्यात टेकडी, मुंबईत समुद्राकाठचा लांब फुटपाथ, छोट्या गावात बाहेरचा रस्ता. नेहमीचा चहावाला टाळा. तिथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी ‘काय रे, आज दोघंच?’ म्हणत येतं.

सुरुवात फिरवून करू नका. ‘आपल्यात जे चाललंय किंवा होऊ घातलंय त्यावर एकदा नीट बोलू या. मी माझं सांगते, मग तुझं ऐकते. आजच ठरलं पाहिजे असं नाही,’ एवढं पुरतं. शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की समोरच्याला परीक्षेला बसल्यासारखं होतं आणि तो उत्तरं पाठ केल्यासारखी देतो.

सूचना: बोलण्यानंतर लगेच संबंध ठेवू नका. किमान एक रात्र जाऊ द्या. ‘बोललो ते कशासाठी, तर यासाठीच’ असा त्या सगळ्या बोलण्याचा अर्थ होऊन बसतो, आणि सकाळी आठवलेली शंका विचारायची जागा उरत नाही.

३. बोलण्याचा क्रम

शरीराचा विषय पहिल्यांदा काढला की बाकी सगळं राहून जातं. म्हणून तो शेवटी. क्रम असा ठेवा.

मैत्री. आत्ता मैत्रीत जे आहे त्यातलं काय हलू द्यायचं नाही, ते नाव घेऊन सांगा: रविवारचा ट्रेक, परीक्षेच्या नोट्स, एकमेकांच्या घरच्या गणपतीला जाणं. गणपतीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण आरतीनंतर मित्राच्या आईने हातात प्रसाद ठेवत ‘तू आता आमच्या घरचीच’ म्हटलं, की दोघांनाही कुठे पाहावं ते कळत नाही. घरच्यांसमोर आपण कोण, हे आधी ठरलेलं असलं तर तो क्षण हसण्यावारी नेता येतो.

इतर माणसं. ‘कॅज्युअल’ या शब्दावर थांबू नका. एकाच्या डोक्यात त्याचा अर्थ ‘लग्नाचं बोलायचं नाही, पण दुसरं कुणी नाही’ असा असतो, दुसऱ्याच्या डोक्यात ‘कुणीही, कधीही’. थेट विचारा: दुसऱ्या कुणाशी संबंध आले तर सांगायचं का? आधी की नंतर? किती तपशील? व्यवहारात टिकतं ते असं: नाव सांगायची गरज नाही, पण आपल्या पुढच्या भेटीआधी घटना सांगायची. कारण त्यावर दुसऱ्याच्या तब्येतीचा निर्णय अवलंबून असतो.

वेळ आणि रोजचा संपर्क. ‘गुड मॉर्निंग’, ‘जेवलास का’, ‘पोचल्यावर कळव’ ही जोडप्यांची भाषा आहे. मैत्रीत आधीपासून होती तर राहू द्या. नव्याने सुरू झाली तर तो बदल आहे, त्यावर बोला. मुक्कामाचंही स्पष्ट करा. रात्री थांबायचं की निघायचं? थांबलं तर सकाळचे पोहे खाऊन की उजाडताच? ब्रश ठेवायचा का? हसू येईल, पण बाथरूममधला दुसरा ब्रश फ्लॅटवर येणारा प्रत्येक माणूस बघतो.

लग्न. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ६९ नुसार, पाळायचा हेतू नसताना स्त्रीला लग्नाचं वचन देऊन किंवा फसवून संबंध ठेवणं हा १० वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. म्हणून ‘पुढे बघू’, ‘घरच्यांना हळूहळू सांगतो’ असली गोड वाक्यं नकोत. लग्नाचा विचार नसेल तर तसं म्हणा, आणि असेल तर या लेखातली मांडणी तुमच्यासाठी नाही.

थांबणं. दोघांपैकी कुणीही, कारण न देता, केव्हाही थांबवू शकतं, हे मोठ्याने म्हणा. त्यावर समोरच्याचा चेहरा पाहा. सगळ्या बोलण्यातून जेवढं कळतं, तेवढं कधी कधी त्या एका क्षणात कळतं.

शरीर. आता कागदावरचा तो रकाना काढा. ‘मला हे आवडतं’ आणि ‘याला हात लावायचा नाही’ दोन्ही साध्या शब्दांत सांगा. लाज वाटते म्हणून ‘ते’ आणि ‘तसलं’ वापरलं तर दोघं दोन वेगळ्या गोष्टींना हो म्हणून बसतात.

तपासून पाहा: शेवटी समोरच्याला त्याच्या शब्दांत सगळं परत सांगायला लावा. ‘मला काय काय चालणार नाही असं तुला कळलं?’ तीनपैकी दोनच आठवले तर तिसरा पुन्हा बोला.

४. तपासणी आणि साधनं, पहिल्या भेटीआधी

हा भाग ‘आपण तर ओळखतोच एकमेकांना’ म्हणून सोडला जातो. ओळख स्वभावाची असते. गनोरिया, क्लॅमायडिया, सिफिलिस यांत कित्येकदा काहीच लक्षण दिसत नाही.

एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणीच्या केंद्रात मोफत होते. लैंगिक आजारांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. जवळचं केंद्र विचारायला राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तपासणीला तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

चूक होते ती तारखांची. परवाच्या संबंधाचा निकाल आज येत नाही. शिरेतल्या रक्तावरच्या चौथ्या पिढीच्या एचआयव्ही चाचणीला साधारण ४५ दिवस द्यावे लागतात, बोटाच्या थेंबावरच्या रॅपिड अँटिबॉडी चाचणीवर ९० दिवसांनी पूर्ण भरवसा ठेवता येतो. क्लॅमायडिया, गनोरियासाठी दोन आठवडे, सिफिलिसची खात्री तीन महिन्यांनी. म्हणून ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे’ याच्यासोबत ‘कधीचा आहे आणि त्यानंतर कुणाशी संबंध आला का’ हेही विचारा. रिपोर्ट फॉरवर्ड करू नका, समोरासमोर फोनवर दाखवा. हेपॅटायटिस बी च्या तीन डोसांचं लसीकरण झालं नसेल तर ते सुरू करा, आणि एचपीव्ही या संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूवरच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. ही लस पुरुषांनाही घेता येते.

कंडोमबाबत चुका ठरलेल्या आहेत. पाकीट स्कूटीच्या डिकीत किंवा मागच्या खिशातल्या वॉलेटमध्ये ठेवलं जातं. उन्हाने आणि घासण्याने रबर खराब होतं. दुसरी चूक घरोघरची: खोबरेल तेल. तेलाने, व्हॅसलिनने लेटेक्स कमजोर होऊन फाटतं, त्यामुळे वंगण पाण्याचं किंवा सिलिकॉनचं घ्या. एकावर एक दोन घालू नका. फोडण्याआधी मुदत पाहा आणि पाकीट दोन बोटांत दाबा, आत हवेची उशी लागली पाहिजे. मुखमैथुनातूनही गनोरिया, सिफिलिस, हर्पिस पसरतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

कंडोम फाटला तर घड्याळ बघा:

७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, तातडीची गर्भनिरोधक गोळी. म्हणजे १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवडाभर लांबली तर घरी चाचणी करा. ही नेहमीची गोळी नव्हे, आणि संसर्गापासून ती वाचवत नाही.

एचआयव्हीची शंका असेल तर तेवढ्याच ७२ तासांत मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपी, म्हणजे संबंधानंतर संसर्ग रोखायचं औषध, मागा. २८ दिवस औषध घ्यावं लागतं, मध्येच सोडून चालत नाही.

गर्भ राहिलाच तर लग्न झालेलं नाही म्हणून दार बंद नसतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ शब्द आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. दुकानातून परस्पर गोळ्या आणून मात्र काही करू नका.

या सगळ्याचा खर्च कोण आणि किती उचलणार, तेही आधी ठरवा. निम्मा-निम्मा हा साधा नियम पुरतो. औषधाच्या दुकानात मात्र दोघांनी मिळून जा, नाहीतर ते काम आपोआप मुलीच्या गळ्यात पडतं.

५. दर वेळी नव्याने विचारणं

ठरलेल्या यादीला हो म्हटलं म्हणजे आज रात्रीला हो म्हटलं असं होत नाही. न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीला शब्दांतून किंवा खुणेतून दिलेली स्पष्ट, ऐच्छिक तयारी. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती धरता येत नाही.

मराठीत इथे एक खास अडचण आहे. ‘चालेल’ आपण चहालाही म्हणतो आणि नको असलेल्या पाहुण्यालाही. ‘बघू’ म्हणजे दहातल्या नऊ वेळा नाही. ‘तुला हवं तर’ म्हणजे मला नको आहे, पण तुझा मूड घालवायचा नाही. म्हणून दोघांत ठरवून टाका: ‘हो’ किंवा ‘हवंय’ एवढंच हो. बाकी सगळं नाही. मध्येच थांबायला एक शब्द ठरवा, साधा ‘थांब’ उत्तम. तो ऐकला की आधी थांबायचं, ‘काय झालं?’ नंतर. ‘का?’ तर त्या क्षणी विचारायचंच नाही.

सूचना: बोलताना जीभ जड होत असेल, तोल जात असेल, तर त्या रात्री काहीही नाही. दोघंही तितकेच प्यायले असले तरी नाही.

६. फोन, फोटो आणि ग्रुप

फोटो-व्हिडिओ काढायचेच नाहीत, हा सगळ्यात स्वस्त नियम. काढलेच तर चेहरा, टॅटू, खोलीची ओळख पटेल असं काही नको. ‘डिलीट केलं’ म्हणजे गॅलरीतून गेलं. क्लाउडवरचा बॅकअप आणि ‘रिसेंटली डिलीटेड’चा फोल्डर वेगळे तपासा. घरच्या टीव्हीवर किंवा टॅबवर तेच अकाउंट चालू असेल, तर तिथे फोटोंचा स्लाइड-शो आई-बाबांसमोर आपोआप सुरू होऊ शकतो. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा.

फोटो काढायला दिलेली परवानगी म्हणजे पुढे पाठवायची परवानगी नव्हे. न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रियांच्या बाबतीत हे स्पष्ट म्हणतं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. धमकी आली तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

आता ग्रुप. ‘कुणालाच सांगायचं नाही’ हे क्वचित टिकतं, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यही नाही. दोघांनी एकेक माणूस निवडावा आणि त्याचं नाव एकमेकांना सांगावं. अलिबागच्या ट्रिपला खोल्यांची वाटणी कशी करायची, ग्रुपमध्ये कुणी चिडवलं तर काय उत्तर द्यायचं, हे आधी ठरवा. एकाने हसायचं आणि दुसऱ्याने लाल व्हायचं, एवढ्यावर आख्खा ग्रुप ओळखतो. दोन मुलगे किंवा दोन मुली असतील तर हा मुद्दा दुप्पट जपा. ६ सप्टेंबर २०१८ पासून सज्ञान समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, पण घरी कधी आणि कुणी सांगायचं हा ज्याचा त्याचा निर्णय. दुसऱ्याने तो चुकूनही घ्यायचा नाही.

७. मर्यादा मोडली तर

सगळ्या चुका एका तराजूत नको. वेळेची, मेसेजची, मुक्कामाची मर्यादा ओलांडली तर २४ तासांच्या आत एकदा सांगा: ‘काल न विचारता आलास. आपलं फोन करून यायचं ठरलं होतं. पुढच्या वेळी दार उघडणार नाही.’ पुन्हा झालं तर खरोखर उघडू नका. एकदा उघडलं की ‘हिचं नाही म्हणजे दोन मिनिटांनी हो’ असा हिशेब बसतो.

सांगितल्याशिवाय कंडोम काढणं, ‘थांब’ म्हटल्यावर न थांबणं, नकळत चित्रण करणं, इथे दुसरी संधी नाही. त्याच दिवशी संबंध बंद, भरवशाच्या माणसाला कळवणं, गरज पडली तर ११२ किंवा महिलांसाठी १८१. ‘मित्र आहे, त्याचं करिअर’ हा विचार मनात येईलच. तो त्याने आधी करायला हवा होता.

८. महिन्याचा आढावा

कॅलेंडरमध्ये महिन्यातून एक तारीख टाका. पंधरा मिनिटं, पुन्हा चालत. तीनच प्रश्न: गेल्या महिन्यात काय खटकलं? काही बदललं का? अजून हवंय का? तिसऱ्याला ‘चालेल’ उत्तर आलं तर काय धरायचं ते पाचव्या पायरीत सांगितलंच आहे.

मधल्या काळात या खुणा बघा: ‘लास्ट सीन’ तपासणं, दुसऱ्याच्या डेटबद्दल ऐकून गप्प होणं, मित्रांसोबतची भेट टाळून फक्त दोघांनीच भेटणं, वाढदिवसाला नेहमीपेक्षा महागडी भेट. त्या स्वतःत दिसल्या तर आढाव्याची वाट न बघता सांगा. समोरच्यात दिसल्या तर ‘तुला फीलिंग्ज आल्यात का?’ असा आरोप नको. ‘तुला आता वेगळं काही हवंय का?’ असं विचारा.

९. थांबवताना

समोरासमोर, जमत नसेल तर फोनवर. मेसेजवर नको, आणि उत्तरं देणं हळूहळू बंद करून तर मुळीच नको. अनोळखी माणसाला ‘घोस्ट’ करता येतं. हा माणूस पुढच्या आठवड्यात कुणाच्यातरी हळदीला समोर बसणार असतो. वाक्य छोटं ठेवा: ‘मला हे इथे थांबवायचंय. मैत्री हवी आहे, पण थोड्या दिवसांनी.’ कारणं मोजत बसलात की प्रत्येक कारणावर तोडगा पुढे येतो. ‘शेवटचं एकदा’ला नाही म्हणा.

त्याच आठवड्यात किल्ल्या, कपडे, पुस्तकं परत करा. फोटो असतील तर समोर बसून पुसा. मग चार ते सहा आठवडे दोघांनीच भेटायचं नाही. ग्रुपमध्ये भेटलात तर चालेल, पण परतीला एकमेकांच्या गाडीवर मागे बसायचं नाही. जुनं पुन्हा सुरू होतं ते बहुतेक वेळा ‘चल, सोडतो’पासूनच. या काळात झोप उडाली, कामात लक्ष लागेना, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. स्पष्ट नकारानंतरही कुणी सतत फोन करत, पाठलाग करत राहिलं तर स्त्रियांसाठी न्याय संहितेचं कलम ७८ आहे. ‘नाही’ म्हटलेला मेसेज जपून ठेवा.

सहा आठवड्यांनी पहिली भेट दिवसा, बाहेर आणि तासाभराची ठेवा. संबंध सुरू होण्याआधी जे करत होतात तेच करा: सिंहगड चढा, क्रिकेट बघा, नाहीतर त्याच्या मांजरीला व्हेटकडे न्या. जुन्या रात्रींचा विषय कुणी काढला तर ‘ते नको’ म्हणा आणि चढ चालू ठेवा.